पुण्याजवळच वेगळी संस्कृती अनुभवायला कुठे जाऊ?

भटकी_पुणेकर: नववीतल्या मुलीला आपल्यापेक्षा वेगळ्या लोकांचं जगणं दाखवायचंय, फॉरेनचं बजेट नाही आणि नुसतं म्युझियमपण नकोय. सुचवा ना काहीतरी.

कॅम्पवाला: लाल देऊळ! १८६७ चं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ आहे, आवारातच ते बांधणाऱ्या डेव्हिड ससूनची कबर. आधी परवानगी काढा, ओळखपत्र न्या, नाहीतर गेटवरूनच परत. अग्यारीत मात्र पारशी नसलेल्यांना सोडत नाहीत, तिथे उगाच हुज्जत नको.

चहाबाज: नुसतं बघून काय होणार, कामाला लावा तिला. कॅम्पातल्या गुरुद्वारात डोकं झाकून लंगरला बसा, पोळी दोन्ही हात पुढे करून घ्यायची असते, आणि जेवण झालं की लगेच पळू नका, भांडी घासायला थांबा, तिथल्या काकूलोक आपणहून बोलायला लागतात.

अलिबागकर: आमच्या इस्राएल आळीत या की. बेने इस्राएल, म्हणजे आमचे कोकणातले ज्यू लोक, घरात मराठीच बोलतात, मलिदा या त्यांच्या विधीला गोड पोहे, ओलं खोबरं, वर फळं, आणि प्रार्थना हिब्रूत! बरेचजण इस्रायलला गेले, आता मोजकीच घरं उरलीत.

भटकी_पुणेकर: भांडी घासायची म्हटल्यावर लेक गायब झालीये 😀 तरी रविवारी नेतेच.