‘आय ॲम बोअर’, ‘आय ॲम बोअरिंग’ की ‘आय ॲम बोअर्ड’?

काना_मात्रा:
मराठीत आपण बिनधास्त म्हणतो: मला बोअर होतंय, लेक्चर बोअर होतं, तो फार बोअर मारतो. तिन्हीकडे शब्द एकच. इंग्रजी वाक्य करायला बसलं की गाडी अडते. खालची चारही वाक्यं शिकवणीतल्या मुलांच्या वह्यांत वारंवार येतात:

‘आय ॲम व्हेरी बोअर टुडे.’
‘आय ॲम बोअरिंग इन धिस क्लास.’
‘द मूव्ही वॉज बोअर.’
‘आय बोअर्ड इन द ट्रेन.’

चुकीची आहेत हे कळतं, पण का चुकतात ते मुलांना पटेल असं सांगता येत नाही. ‘पार्टिसिपल’ हा शब्द काढला की वर्ग झोपतो. मराठीतूनच काही खूण सांगता येईल का?

अर्धविराम:
खूण मराठीत आयतीच आहे: कंटाळलेला आणि कंटाळवाणा. भाषण कंटाळवाणं, श्रोते कंटाळलेले. ‘कंटाळलेलं भाषण’ असं पहिलीतलं पोरही म्हणणार नाही. कंटाळवाणा म्हणजे बोअरिंग, कंटाळलेला म्हणजे बोअर्ड. वाक्य लिहिण्याआधी ‘बोअर’ काढून तिथे मराठी शब्द घालून पाहायचा, बस.

आता गोंधळ होतो कुठून? इंग्रजी क्रियापद उसनं घेताना आपण त्याचं मूळ रूप तेवढं उचलतो आणि शेपूट मराठी लावतो: बोअर होणे, बोअर करणे, कन्फ्यूज होणे, कन्फ्यूज करणे. काळ, कर्ता, कर्म हे सगळं ‘होणे-करणे’ सांभाळतं. इंग्रजीत जाताना ते शेपूट गळून पडतं आणि हातात नुसतं ‘बोअर’ उरतं. म्हणून शेपटाचंही भाषांतर करायचं. ‘होणे’ असेल तर बहुतेक वेळा ‘-ड’चं रूप: मी बोअर झालोय, ‘आय ॲम बोअर्ड’. ‘होतंय’, म्हणजे कंटाळा अजून चढतोच आहे, तर ‘आय ॲम गेटिंग बोअर्ड’.

तुमची वाक्यं:

पहिल्यात ‘बोअर्ड’ हवं. ‘व्हेरी बोअर्ड’ चालतं.

दुसरं व्याकरणात बसतं, म्हणून जास्त धोक्याचं. ऐकणाऱ्याला कळतं ते असं, की या वर्गात मी रटाळ माणूस आहे. मुलाखतीत असं वाक्य गेलं तर समोरचा हसू दाबेल. हवंय ‘आय ॲम बोअर्ड इन धिस क्लास’.

तिसऱ्यात ‘बोअरिंग’.

चौथं जरा वेगळं. ‘बोअर’ हे इंग्रजी क्रियापद सकर्मक आहे: कुणीतरी कुणालातरी कंटाळा आणतो. ‘आय बोअर्ड’ म्हटलं की ऐकणारा थांबून राहतो: कोणाला? म्हणून ‘आय वॉज बोअर्ड’ किंवा ‘आय गॉट बोअर्ड ऑन द ट्रेन’. ट्रेनला ‘ऑन’ जास्त रुळलेलं आहे, तेही जाता जाता सुधारा.

विहीरवाला:
वर एक राहिलं. तिसरं वाक्य ‘अ’ घालूनही सुटतं: ‘द मूव्ही वॉज अ बोअर’. इथे बोअर हे नाम आहे, रटाळ वस्तू किंवा माणूस. ‘बोअर मारणाऱ्या’ माणसासाठी तर हेच चपखल: ‘ही इज अ बोअर’. तो ‘अ’ गाळला की वाक्य लंगडं.

आणि गावाकडच्या मुलांना हे आधीच सांगून ठेवा, की ‘बोअरिंगचं पाणी’मधलं बोअरिंग निराळं. ते भोक पाडण्याचं, इंग्रजीत खूप जुनं. कंटाळ्याचं बोअर १८व्या शतकाच्या उत्तरार्धात लेखनात दिसू लागतं आणि ते नेमकं आलं कुठून हे कोशकारांनाही ठरवता आलेलं नाही. शिवाय ‘बेअर’ (सोसणे) या क्रियापदाचा भूतकाळही ‘बोअर’च. म्हणजे ‘ही बोअर द पेन’ याचा अर्थ त्याने वेदना सोसल्या. वेदनेला कंटाळला असं नव्हे!

शुद्धलेखन_पोलीस:
पुढचा शब्द कोणता घ्यायचा तेही मुलांना द्या, नाहीतर ‘बोअर्ड फ्रॉम’ लिहितील (मराठीत ‘अभ्यासातून मन उडालं’ म्हणतो ना). ‘बोअर्ड विथ’ आणि ‘बोअर्ड बाय’ कुठेही बिनघोर. ‘बोअर्ड ऑफ’ चूक आहे.

अर्धविराम:
चूक म्हणणं जरा कडक झालं. ‘टायर्ड ऑफ’च्या वळणावर ते रुळलं आहे आणि बोलण्यात सर्रास ऐकू येतं. पण औपचारिक लेखनात अजून सगळ्यांना मान्य नाही, म्हणून परीक्षेत ‘विथ’ लिहिलेलं बरं. पुढे क्रियापद आलं तर त्याला ‘-इंग’: ‘आय ॲम बोअर्ड विथ वेटिंग’.

काना_मात्रा:
कंटाळलेला-कंटाळवाणा चाललं! त्याच धर्तीवर मुलांनी केलेली ही वाक्यं बघा:
‘आय ॲम इंटरेस्टेड इन क्रिकेट.’
‘द घोस्ट स्टोरी वॉज स्केअरिंग.’
‘माय जॉब इज स्ट्रेसिंग.’
‘आय फेल्ट द बुक इंटरेस्टेड.’
‘ही हॅड अ बोअर्ड फेस.’ शेवटचं मी खोडलं. चेहरा कसा कंटाळेल?

अर्धविराम:
शेवटचं परत जोडा. चेहरा, नजर, आवाज यांच्यावर माणसाचा कंटाळा दिसतो, म्हणून त्यांना ‘-ड’चं रूप चालतं. मराठीतही ‘कंटाळलेला चेहरा’ म्हणतोच की. ‘अ बोअरिंग फेस’ म्हणजे बघणाऱ्याला कंटाळा येईल असा चेहरा. अर्थ पार फिरला.

पहिलं बरोबर. दुसऱ्या-तिसऱ्यात नियम प्रामाणिकपणे लावलाय, पण काही जोड्या ‘-इंग’ घेत नाहीत. स्केअर्डची जोडी स्केअरी, स्ट्रेस्डची स्ट्रेसफुल, इम्प्रेस्डची इम्प्रेसिव्ह, डिलाइटेडची डिलाइटफुल. या चार पाठच करून घ्या. कन्फ्यूज, एक्साइट, टायर, सरप्राइज, डिसअपॉइंट, एम्बॅरस ही सगळी मात्र बोअरसारखीच चालतात.

चौथ्यात ‘वाटणे’ने घात केला. ‘मला पुस्तक इंटरेस्टिंग वाटलं’ यात ‘मला’ आधी येतं, म्हणून मूल भावना स्वतःकडे ओढून ‘-एड’ लावतं. पण विशेषण पुस्तकाचं आहे. ‘अमुक मला तमुक वाटलं’ यासाठी ठरलेला साचा: ‘आय फाउंड द बुक इंटरेस्टिंग’. फाउंड, वस्तू, मग ‘-इंग’. नुसतं ‘मला इंटरेस्टिंग वाटलं’ असेल तर वस्तूच्या जागी ‘इट’ घालायचंच: ‘आय फाउंड इट इंटरेस्टिंग’. मराठीत ते गाळता येतं, इंग्रजीत नाही.

विहीरवाला:
‘ॲम आय बोअरिंग यू?’ हे वाक्य कुणीतरी दाखवेल आणि म्हणेल, बघा, इथे नियम मोडला. मोडलेला नाही. इथे बोअरिंग विशेषण नसून चालू काळातलं क्रियापद आहे: मी तुम्हाला कंटाळा आणतोय का? ओळखायचं असं: मागे ‘व्हेरी’ घालता आलं तर विशेषण, पुढे ‘यू’सारखं कर्म असलं तर क्रियापद. ‘ॲम आय व्हेरी बोअरिंग यू’ होत नाही.

शुद्धलेखन_पोलीस:
चूक कानामुळेही होते. ‘बोअर्ड विथ’ भरभर म्हटलं की मधला ‘ड’ जवळजवळ ऐकू येत नाही, आणि मूल ऐकलं तसं ‘बोअर विथ’ लिहितं. ज्यांना ‘ड’ नीट ऐकू येतो ते फळ्याचं ‘बोर्ड’ लिहितात, कारण उच्चार सारखाच. श्रुतलेखनात दोन्ही एकाच वाक्यात द्या: ‘द बोअर्ड बॉय लुक्ड ॲट द बोर्ड.’ पहिल्यात बी-ओ-आर-ई-डी, दुसऱ्यात बी-ओ-ए-आर-डी.

काना_मात्रा:
हे उद्याच्या तासाला घेते. ‘ऑफ’ला अर्धा मार्क कापू की नको, तेवढं दोघांनी मिळून ठरवा.