उघडलेली बोटॉक्सची व्हायल आणि उरलेले फिलर दुसऱ्या रुग्णासाठी ठेवावे का?

प्रश्न: इंदूरची परिचारिका

सप्रेम नमस्कार. इंदूरमधील एका लहान त्वचारोग चिकित्सालयात मी परिचारिका आहे. पूर्वी शस्त्रक्रियागृहात काम केलेले असल्यामुळे निर्जंतुकतेचे नियम अंगवळणी पडले आहेत, आणि म्हणूनच येथील काही पद्धती डोळ्यांना खुपतात. बोटॉक्स या सुरकुत्या कमी करणाऱ्या औषधाची १०० युनिटची व्हायल (छोटी बाटली) सलाईनने विरघळवली की तिच्यातून त्या दिवशीच्या दोन-तीन रुग्णांना औषध दिले जाते आणि उरलेले पुढच्या आठवड्यातील रुग्णांसाठी फ्रिजमध्ये राहते. इन्सुलिन सिरिंजची बारीक सुई रबरी बुचातून जाताना बोथट होते, म्हणून व्हायलचे ॲल्युमिनियमचे कडे उचकटून बूच काढतात आणि काम झाल्यावर तेच बूच पुन्हा दाबून बसवतात. सलाईनची १०० मिलिलिटरची बाटली टेबलावरच असते व तिच्या बुचात एक सुई कायमची टोचलेली असते. फिलरच्या, म्हणजे चेहऱ्याला भराव देण्यासाठी टोचायच्या जेलच्या, सिरिंजमध्ये काही उरले तर रुग्णाचे नाव लिहून तीही त्याच फ्रिजमध्ये जाते, कारण रुग्णच म्हणतात, "पैसे पूर्ण सिरिंजचे घेतलेत, मग उरलेले पुढच्या वेळी द्या."

डॉक्टरसाहेब अनुभवी आहेत, त्यांचा हात उत्तम आहे, आणि कोणाला काही अपाय झाल्याचे माझ्या कानावर आलेले नाही. तरीही यातले खरोखर धोक्याचे काय, केवळ कागदावरच्या नियमाविरुद्ध काय आणि चालण्यासारखे काय, हे नीट समजून घ्यायचे आहे, म्हणजे साहेबांपुढे मुद्द्याचे बोलता येईल. शिवाय मे महिन्यात येथे पारा चाळिशी ओलांडतो आणि मधूनच वीज जाते. अशा वेळी फ्रिजमधील मालाचे काय करावे?

उत्तर: त्वचारोगतज्ज्ञ, ग्वाल्हेर

ताई, या चार गोष्टींचा धोका सारखा नाही. सर्वांत आधी सलाईनच्या बाटलीविषयी लिहितो, कारण तिच्याकडे कोणाचेच लक्ष नसते. साध्या सलाईनमध्ये जंतुरोधक द्रव्य नसते. बुचात कायम टोचलेली सुई म्हणजे बाटलीचे तोंड दिवसभर उघडे ठेवण्यासारखे आहे, आणि घाईच्या वेळी कोणी वापरलेल्या सिरिंजने त्यातून सलाईन ओढले, तर ती एक बाटली नंतरच्या प्रत्येक व्हायलला दूषित करू शकते. एका व्हायलला सलाईनची एक छोटी ॲम्प्यूल (एकदाच वापरायची बंद कुपी) फोडावी आणि उरलेले सलाईन टाकून द्यावे. बोटॉक्सच्या किमतीपुढे त्या ॲम्प्यूलचे पैसे हिशेबात धरण्याजोगेही नसतात, त्यामुळे ही सवय चालू ठेवण्याला काटकसरीचेसुद्धा कारण उरत नाही.

दुसरे बुचाचे. बोटॉक्सची व्हायल निर्वात बंद केलेली असते. सुई आत गेली की सलाईन आपोआप ओढले जाते. ते ओढले गेले नाही, तर ती व्हायल वापरू नये, असे निर्मात्याच्या पत्रकातच सांगितलेले आहे. आधीच बूच काढले तर ही परीक्षा हातची जाते. नंतर काढले आणि सगळे औषध त्याच बैठकीत सिरिंजांमध्ये भरून घेतले, तर एक वेळ समजू शकते; परंतु उघडलेली व्हायल तेच बूच दाबून आठवडाभर ठेवणे हे कोणत्याही हिशेबाने समर्थनीय नाही. सुई बोथट होण्यावर सोपा इलाज आहे. सुई वेगळी बसवता येणारी एक मिलिलिटरची सिरिंज घ्यावी, जाड सुईने औषध ओढावे आणि मग ३० गेजची (अगदी बारीक) नवी सुई लावावी. सुईच्या पोकळीत थोडे औषध वाया जाते, ते जाऊ द्यावे.

तिसरा प्रश्न व्हायल वाटून वापरण्याचा, आणि येथे मतभेद आहेत हे मान्य करायला हवे. पत्रक सांगते की विरघळवलेले औषध २ ते ८ अंश सेल्सिअसला ठेवावे, २४ तासांच्या आत वापरावे आणि एक व्हायल एकाच रुग्णासाठी असावी. सीडीसी, म्हणजे अमेरिकेचे रोगनियंत्रण केंद्र, एकमात्रा-व्हायलबाबत हीच भूमिका घेते. प्रत्यक्षात भुवयांमधील आठ्यांसाठी पाच ठिकाणी मिळून २० युनिट लागतात. १०० च्या व्हायलमधून ८० उरतात आणि तेथून सगळा मोह सुरू होतो. अमेरिकेतील त्वचाशल्यचिकित्सकांच्या तज्ज्ञगटाचे २०१५ साली प्रसिद्ध झालेले निवेदन असे म्हणते की योग्य रीतीने हाताळलेली विरघळवलेली व्हायल किमान चार आठवडे ठेवता येते आणि एकाहून अधिक रुग्णांसाठी वापरता येते. आपल्याकडे हे निवेदन पुष्कळ जण पुढे करतात, पण त्यातील 'योग्य रीतीने' या अटीपाशी मात्र कोणी थांबत नाही. बूच शाबूत हवे, प्रत्येक वेळी ते ७० टक्के अल्कोहोलने पुसून कोरडे होऊ द्यायला हवे, दर वेळी नवी सुई आणि नवी सिरिंज हवी. तुमच्याकडील बूच काढलेल्या व्हायलला त्या निवेदनाचा आधार मुळीच मिळत नाही. साहेबांशी बोलताना हा मुद्दा पुढे करा. तो त्यांच्याच पक्षाच्या पुराव्यातला आहे.

फिलरविषयी माझ्या मनात शंका नाही. उरलेले जेल फेकावे. दुसऱ्या रुग्णाला देण्याचा तर प्रश्नच येत नाही, कारण सुई बदलली तरी सिरिंज स्वच्छ होत नाही. सुई रक्तवाहिनीत नाही ना, हे पाहण्यासाठी दट्ट्या मागे ओढला की रक्ताचे सूक्ष्म अंश आत येतात, ते डोळ्यांना दिसोत वा न दिसोत. त्याच रुग्णासाठी ठेवण्याचा युक्तिवाद वरवर बरा वाटतो. परंतु एकदा टोचलेल्या सिरिंजमध्ये जंतू शिरले असतील तर ते आठवडे-पंधरवडे तसेच राहतात, पुढे गाठी होतात, आणि त्या बऱ्या करताना डॉक्टर व रुग्ण दोघांच्याही नाकी नऊ येतात. एका फ्रिजमध्ये हस्ताक्षरातील चिठ्ठ्या लावलेल्या अनेक सिरिंजा असल्या की अदलाबदलीची भीती आहेच.

उत्तर: संसर्गनियंत्रण परिचारिका, बडोदा

डॉक्टरांनी औषधाचे सांगितले. मी जागेचे सांगते, कारण बहुतेक चुका तेथे होतात. व्हायल रुग्णाच्या खुर्चीजवळ कधीही नेऊ नये. वेगळ्या स्वच्छ टेबलावर, रुग्ण बसण्यापूर्वी, त्याची संपूर्ण मात्रा भरून नावाचा कागद लावावा आणि व्हायल लगेच परत ठेवावी. इंजेक्शन देताना "आणखी दोन युनिट द्या" असे झाले, तर हातातील सिरिंज पुन्हा व्हायलमध्ये जाता कामा नये. हातमोजे बदलून नवी सिरिंज घ्यावी. अपघात याच क्षणी होतात, कारण रुग्ण आरशात पाहत असतो, डॉक्टर हात पुढे करून वाट पाहत असतात आणि परिचारिकेला "एक मिनिट थांबा" म्हणायचा संकोच वाटतो.

लिडोकेन या बधिर करणाऱ्या औषधाच्या बहुमात्रा-व्हायलमध्ये जंतुरोधक असते म्हणून लोक निर्धास्त असतात. ते द्रव्य जिवाणूंना काही काळ रोखते. हेपॅटायटिस बी, सी किंवा एचआयव्हीच्या विषाणूंवर त्याचा भरवसा धरता येत नाही. अशा व्हायलवर उघडल्याची तारीख लिहावी आणि निर्मात्याने वेगळी मुदत दिलेली नसल्यास २८ दिवसांनी ती टाकून द्यावी.

अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यातील एका सौंदर्यकेंद्राचा सीडीसीने २०२४ साली प्रसिद्ध केलेला अहवाल जरूर वाचावा. तेथे स्वतःचेच रक्तद्रव्य चेहऱ्यात टोचून घेणाऱ्या काही स्त्रियांना एचआयव्हीची लागण झाली. तपासणीत नाव न लिहिलेल्या रक्ताच्या नळ्या स्वयंपाकघराच्या ओट्यावर आढळल्या. बोटॉक्स आणि लिडोकेन अन्नपदार्थांसोबत एकाच फ्रिजमध्ये होते. तुमच्याकडील फ्रिजमध्ये कोणाचा डबा, दुधाची पिशवी किंवा थंड पाण्याची बाटली असेल, तर सुधारणेची सुरुवात तेथून करा. चेहऱ्यावर लावायचा बर्फ साध्या नळाच्या पाण्याचा असेल तर तोही तपासा: नळाच्या पाण्यात क्षयाच्या जिवाणूंचे दूरचे भाईबंद सापडतात. ते सुईच्या छिद्रातून आत गेले तर काही आठवड्यांनी गळू येते आणि नेहमीच्या प्रतिजैविकांना दाद देत नाही.

उत्तर: एक खाजगी व्यावसायिक

वरील सर्व ठीक आहे, परंतु प्रत्येक रुग्णाला नवी व्हायल लावायची तर आपल्या शहरांत किती जणांना हा उपचार परवडेल? मी बूच न काढता, दर वेळी नवी सिरिंज वापरून, वर्षानुवर्षे व्हायल वाटून देत आहे.

उत्तर: त्वचारोगतज्ज्ञ, ग्वाल्हेर

डॉक्टरसाहेब, तुमची पद्धत आणि ताईंच्या चिकित्सालयातील पद्धत यांत अंतर आहे, हे मी नाकारत नाही. मात्र ५० युनिटची व्हायलही मिळते, आणि बोटॉक्सचे रुग्ण आठवड्यातील एकाच दिवशी बोलावले तर किमान २४ तासांची मर्यादा तरी पाळता येते. व्हायल वाटून वापरणार असाल तर संमतिपत्रात तसे लिहून रुग्णाची सही घ्यावी. ते लिहायला संकोच वाटत असेल, तर त्या संकोचाचाही विचार करावा.

उत्तर: औषधविक्रेता, इंदूर

दवा बाजारात शीतसाखळीचा माल हाताळत असल्यामुळे त्या बाजूने लिहितो. फ्रिजच्या दारात औषध ठेवू नये. तेथील तापमान दर वेळी दार उघडले की वर जाते. मधल्या फळीवर, मागच्या भिंतीला न टेकवता ठेवावे, कमाल-किमान तापमान दाखवणारा थर्मामीटर आत असावा आणि सकाळ-संध्याकाळ नोंद करावी. वीज गेली की दार उघडू नये. खालच्या कप्प्यात पाण्याच्या भरलेल्या बाटल्या ठेवल्यास गारवा जास्त वेळ टिकतो. (त्या पिण्यासाठी नाहीत, असे वर लिहून ठेवावे.) तापमान ८ अंशांच्या वर गेल्याचे दिसले तर किती वेळ व किती अंश हे लिहून माल बाजूला काढावा आणि निर्मात्याला विचारल्याशिवाय वापरू नये. बोटॉक्ससारखी काही बोटुलिनम उत्पादने न उघडलेल्या अवस्थेत खोलीच्या तापमानालाही टिकतात, पण एकाचा नियम दुसऱ्याला लावू नये. फिलरची खोकी साधारणपणे २५ अंशांपर्यंतची असतात, म्हणजे मे महिन्यात आपल्याकडचे बंद कपाट त्यांच्या कामाचे नाही. जेल गोठूही देऊ नये.

आणखी एक गोष्ट कोणी लिहिली नाही. लाल टोपणाची इन्सुलिन सिरिंज मिलिलिटरला ४० युनिटच्या खुणांची असते आणि नारिंगी टोपणाची १०० च्या. १०० युनिट औषध अडीच मिलिलिटर सलाईनमध्ये विरघळवले, तर लाल टोपणाच्या सिरिंजवरची एक खूण म्हणजे बोटॉक्सचे एक युनिट. नारिंगीवर तेच एक युनिट अडीच खुणांवर येते. दोन्ही प्रकार एकाच ट्रेमध्ये ठेवले तर चार युनिटच्या जागी दीड-पावणेदोन युनिट जातील आणि दोष औषधावर येईल. व्हायलवर विरघळवल्याची तारीख, वेळ, सलाईनचे प्रमाण आणि करणाऱ्याची आद्याक्षरे लिहावीत; बॅच क्रमांक रुग्णाच्या कागदावर यावा. अमेरिकेत २०२४ साली बनावट बोटॉक्समुळे लोक आजारी पडले, तेव्हा असे क्रमांक जाहीर करूनच चिकित्सालयांना सावध केले गेले.

इंदूरची परिचारिका

सर्वांची आभारी आहे. सलाईनच्या ॲम्प्यूल मागवल्या गेल्या आणि बूच काढणे साहेबांनी थांबवले. फिलरबाबत मात्र "रुग्ण भांडतात" हेच उत्तर आहे. उरलेल्या औषधाच्या आणि सुयांच्या विल्हेवाटीविषयीही कोणी सांगेल का? आपल्याकडे कचरा वेगळा करण्याची सवय सर्वांनाच आहे, तरी चिकित्सालयाचा कचरा महापालिकेच्या गाडीत देऊ नये असे मला वाटते.

उत्तर: संसर्गनियंत्रण परिचारिका, बडोदा

बरोबर, महापालिकेच्या गाडीच्या कोणत्याही कप्प्यात तो जाऊ नये. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार सुया आणि सुई जोडलेल्या इन्सुलिन सिरिंजा पांढऱ्या अर्धपारदर्शक, सुईने न भोसकल्या जाणाऱ्या डब्यात, काचेच्या व्हायली निळ्या खुणेच्या खोक्यात आणि रक्ताचा कापूस पिवळ्या पिशवीत टाकावा, आणि हा सगळा कचरा अधिकृत सामाईक कचरा-प्रक्रिया केंद्राकडे द्यावा. ४८ तासांहून जास्त काळ साठवू नये. व्हायलमध्ये औषध उरले असेल तर आधी ०.५ टक्के सोडियम हायपोक्लोराइट घालून पाच मिनिटे ठेवावे; बाजारातील ५ टक्क्यांच्या द्रावणाचा एक भाग आणि पाण्याचे नऊ भाग घेतले की हे प्रमाण होते. टेबलावर औषध सांडले तरी हेच द्रावण वापरावे.

फिलरचे भांडण नंतर होते, कारण बोलणे आधी होत नाही. काही फिलर अर्ध्या मिलिलिटरच्या आसपासच्या लहान सिरिंजमध्येही मिळतात. कमी लागणार असेल तेथे ते मागवावे, आणि उरलेले जेल रुग्णासमोर टाकले जाईल हे वाक्य संमतिपत्रात, पैसे घेण्याआधी, वाचून दाखवावे.