ओळख ना पाळख, तरी आवंढा का येतो?

सांजवेळ

४ मार्च २०२२ ची संध्याकाळ. शेन वॉर्न गेल्याची बातमी फोनवर आली आणि मी पहिलं काय केलं, तर त्याचं जन्मवर्ष शोधलं. १९६९. माझं १९७१. गेला तेव्हा तो ५२ वर्षांचा होता. काही तासांपूर्वीच त्याने स्वतः जुने क्रिकेटपटू रॉड मार्श यांच्या निधनावर शोक व्यक्त केला होता, ते शब्द अजून तसेच दिसत होते. मी काही क्रिकेटवेडी नाही. तरी त्या रात्री मला झोप लागली नाही.

माझे वडील सकाळी पेपर हातात घेतला की आधी निधनाच्या बातम्या शोधायचे. कानामागची पेन्सिल काढायची, गेलेल्या माणसाचं वय बघायचं आणि समासात बारीक अक्षरात लिहायचं: ‘११ ने मोठा’, ‘३ ने मोठ्या’. नट, गायिका, खेळाडू, कुणीही. मग ते कात्रण फाईलला. मला ते अभद्र वाटायचं. एकदा मी चिडून म्हणाले, “मेलेल्या माणसांची कसली आकडेमोड करता?” ते म्हणाले, “त्यांची नाही गं, माझी करतोय.”

आता मी तेच करते, पेन्सिलीऐवजी फोनवर.

स्मिता पाटील १९८६ च्या डिसेंबरात गेली तेव्हा मी १५ वर्षांची होते. वाईट वाटलं होतं, पण ३१ हे मला चांगलंच मोठं वय वाटलं होतं. आज ३१ म्हटलं की पोटात कालवतं. अगं, ३१ म्हणजे लेकरूच की! म्हणजे तिच्या जाण्याचं दुःख मला तेव्हापेक्षा आज जास्त होतंय, मधे इतकी वर्षं उलटून गेल्यावर. तीच बातमी, तीच तारीख. बदलले आहे ती मी.

माझं म्हणणं असं की हे दुःख खोटं नाही. ही माणसं आपल्याला ओळखत नव्हती, पण आपल्या काळाची साक्षीदार होती. घरातले साक्षीदार एकेक करून जातात, तेव्हा हे बाहेरचे तरी आहेत असा एक आधार असतो. मग तेही जायला लागतात. म्हणून वय वाढेल तसं हे जास्त लागतं. तुम्हाला काय वाटतं?

काळी पाटी

स्पष्ट लिहितो, राग मानू नका. मला हे दुःख सोयीचं वाटतं.

प्रसिद्ध माणूस जातो तेव्हा आपल्याला काहीच करावं लागत नाही. दवाखान्यात रात्र काढायची नसते, कुणाला फोन करून सांगायचं नसतं, मागे राहिलेल्यांच्या डोळ्यांत बघायचं नसतं. नुसतं हळहळायचं आणि दोन ओळी लिहायच्या.

हे मी दुसऱ्यांना सुनावत नाहीये. इरफान खान गेले त्या आठवड्यात माझे सख्खे मामा गेले. एप्रिल २०२०, सगळं बंद, जाता आलं नाही हे खरं. पण इरफानवर मी तीन परिच्छेद लिहिले, आणि मामीला फोन करायला मला नऊ दिवस लागले. काय बोलायचं तेच सुचत नव्हतं. इरफानबद्दल मात्र भराभर सुचलं. ज्या मामांच्या खांद्यावर बसून मी लहानाचा मोठा झालो त्यांच्यासाठी शब्द नाहीत, आणि कधीही न भेटलेल्या माणसासाठी तीन परिच्छेद. तेव्हापासून मी असं लिहिणं बंद केलं. साक्षीदार वगैरे ठीक आहे, पण ज्याने आपल्याला पाहिलंच नाही तो साक्षीदार कसला?

शिंपला

काळी पाटी, शेवटचा प्रश्न बिनतोड आहे. पण मला वाटतं ते उलटं आहे. त्यांनी आपल्याला पाहिलं नाही, आपण त्यांना पाहिलं, आणि नातं जुळायला मनाला तेवढं पुरतं. डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या दोन अमेरिकन अभ्यासकांनी १९५६ मध्येच यावर लिहून ठेवलंय. टीव्ही नवा होता, आणि पडद्यावरचा माणूस थेट आपल्याकडे बघून बोलतो तेव्हा बघणाऱ्याला तो ओळखीचा वाटू लागतो, हे त्यांनी टिपलं. नातं एकतर्फी, पण बघणाऱ्याच्या बाजूने अगदी खरं.

वयाचा संबंध मला दुसरीकडे दिसतो. साठीच्या माणसाला आयुष्यातल्या आठवणी विचारल्या तर साधारण १० ते ३० या वयातल्या जरा जास्तच निघतात. पहिली नोकरी, पहिलं प्रेम, पहिलं घर सोडणं, सगळं तेव्हाचं. आणि आपण जीव टाकतो ते गायक, नट, खेळाडूही तेव्हाचेच. त्यांचा आवाज त्या वर्षांना चिकटलेला असतो. तो माणूस गेला की ती वर्षं हलतात.

अजून एक. घरातला माणूस आपल्या डोळ्यांसमोर म्हातारा होतो, आपण रोज थोडं थोडं बघत असतो. पडद्यावरचा मात्र २५ चाच राहतो. कितीही वेळा लावा, तेच केस, तेच हसणं. आणि एक दिवस बातमी येते, ‘वयाच्या ७८ व्या वर्षी’. त्या एका ओळीत ५० वर्षं अंगावर कोसळतात. मला तरी रडू त्या ५० वर्षांचं येतं.

काळी पाटी

@शिंपला, म्हणजे रडू स्वतःचंच. मी तेच म्हणतोय.

मधली सुट्टी

भावना बाजूला ठेवून थोडी मोजणी. आपल्याला वाटतं ‘हल्ली फारच जातायत’, आणि ते नुसतं वाटणं नाही. २०१६ आठवा. १० जानेवारीला गायक डेव्हिड बोवी, चारच दिवसांनी नट अ‍ॅलन रिकमन, एप्रिलमध्ये गायक प्रिन्स, जूनमध्ये मुष्टियोद्धा मुहम्मद अली, ऐन २५ डिसेंबरला गायक जॉर्ज मायकेल. बीबीसीने त्या वर्षी आपल्या बातम्यांसाठी वापरलेले, आधीपासून तयार ठेवलेले मृत्युलेख मोजले. २०१२ च्या पहिल्या तीन महिन्यांत ५ लागले होते, २०१६ च्या तेवढ्याच काळात २४.

कारण साधं आहे. साठच्या दशकात टीव्ही, रेकॉर्डी, सिनेमा यांमुळे प्रसिद्ध माणसांची संख्याच एकदम वाढली. त्याआधी जगभर ओळखला जाणारा माणूस म्हणजे राजा, सेनापती, एखादा पुढारी, फार तर एखादा सिनेनट किंवा खेळाडू. साठच्या दशकात विशी-तिशीत असलेली ती पिढी त्या सुमारास सत्तरीत पोचली. म्हणजे आपलं वय वाढतंय हे एक, आणि प्रसिद्धीचा पहिला मोठा लोंढा पिकतोय हे दुसरं. ही दोन्ही एकाच वेळी आपल्या वाट्याला आली. आपल्या आजोबांना हे इतकं सोसावं लागलं नव्हतं.

आडवाट

मी २४ चा आहे, म्हणून धाग्याच्या मूळ मुद्द्यालाच विरोध.

ऑगस्ट २०२०. हॉलिवूडचा नट चॅडविक बोसमन ४३ व्या वर्षी गेला. चार वर्षं आतड्याच्या कॅन्सरशी झगडत होता आणि बाहेर कुणाला पत्ता नव्हता. उपचार चालू असताना तो पडद्यावर अजिंक्य वीर होऊन मारामाऱ्या करत होता. तोवर माझ्या जवळचं कुणीही गेलेलं नव्हतं, आजी-आजोबासुद्धा नाहीत. तो माझ्या आयुष्यातला पहिला मृत्यू. दोन दिवस मी खोलीबाहेर आलो नाही. आई म्हणाली, “एवढं काय, सिनेमातला माणूस तो.” ते वाक्य मला अजून टोचतं.

तुम्ही लोक वजाबाक्या करता, आम्हाला वजाबाकी येत नाही. आम्हाला वाटत असतं की कुणी मरतच नाही. ते वाटणं ज्या दिवशी तुटतं तो दिवस कुठल्याही वजाबाकीपेक्षा वाईट असतो. मोठ्यांना जास्त लागतं असं म्हणू नका.

सांजवेळ

आडवाट, तुमच्या आईचं ते वाक्य वाचून मला माझंच वडिलांवर चिडणं आठवलं. मान्य. ‘जास्त’ हा शब्द मी मागे घेते. ‘वेगळं’ म्हणूया.

शुश्रूषा

काळी पाटी यांच्यासाठी लिहितेय. मी २६ वर्षं नर्स आहे.

६ फेब्रुवारी २०२२, रविवार. लतादीदी गेल्या त्या सकाळी मी ड्युटीवर होते. वॉर्डात एका कोपऱ्यात टीव्ही, आवाज बंद, खाली पट्टी सरकत होती. सात नंबरच्या बेडवर एक आजोबा सहा दिवस शुद्धीवर नव्हते. त्यांची मुलगी सहाही दिवस तिथेच. औषधं आणणं, सह्या करणं, भावंडांना फोनवर सांगणं, सगळं एकटी करत होती. डोळ्यांतून टिपूस नाही. आम्ही आपसात म्हणायचो, काय खंबीर बाई आहे.

ती पट्टी तिने वाचली. हातातली फाईल माझ्याकडे दिली, “आलेच” म्हणाली. पाच मिनिटं झाली तरी आली नाही म्हणून बघायला गेले तर जिन्याच्या पायरीवर बसून हमसून हमसून रडत होती. मी शेजारी बसले. म्हणाली, “बाबा दाढी करताना त्यांचीच गाणी गुणगुणायचे.” तेवढंच. मग तोंड धुतलं, वर आली, फाईल घेतली.

आता हे रडणं कुणाचं, ते तुम्हीच ठरवा. मला एवढंच कळतं की बाबांसाठी रडायला तिला मुभा नव्हती. रडली असती तर सगळं कोलमडलं असतं. दीदींसाठी रडता आलं. केनेथ डोका नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने १९८९ मध्ये ज्या दुःखाला समाज दुःखच मानत नाही त्यावर अख्खं पुस्तक केलं. ‘तुझा काय संबंध’ म्हणून झटकलेलं दुःख जिरत नाही, दुसरी वाट शोधतं. तुमचे ते तीन परिच्छेद इरफानचे नसतीलही. मामांचेच असतील, फक्त पत्ता दुसरा पडला.

काळी पाटी

शुश्रूषाताई, दोनदा वाचलं. त्या मुलीबद्दल माझी काही तक्रार नाही. पण ती सहा दिवस त्या बेडपाशी होती. तिने आधी हात दिला, मग जिन्यावर जाऊन रडली. मी हात दिला नाही आणि थेट जिन्यावर गेलो. पत्ता चुकला असेलही, पण मामीला ते पत्र मिळालंच नाही ना. नऊ दिवस ती माझ्या फोनची वाट बघत होती, तिने नंतर तसं बोलूनही दाखवलं.

तेव्हा अनोळखी माणसासाठी रडणं खोटं नाही, हे मान्य करतो. त्यावर थांबणं चूक आहे, एवढं धरून ठेवतो.

उत्तरायण

माझं वय ७६. सगळ्यांचं वाचलं. सांजवेळ यांनी ‘जास्त’ मागे घेतलं ते बरं केलं, कारण माझा अनुभव तर उलटाच आहे. सत्तरीनंतर कमी लागतं.

मला सगळ्यात लागलं ते चाळिशी-पन्नाशीत. राहुलदेव बर्मन जानेवारी १९९४ मध्ये गेले, वय ५४. मी ४४ चा. ऑफिसात बातमी कळली आणि समोरची फाईल तासभर तशीच उघडी. त्यांच्यात आणि माझ्यात दहाच वर्षं, हे मीही तेव्हा मोजलं होतं. त्या वयात आपल्याला अजून खूप काही करायचं असतं, आणि कुणीतरी येऊन सांगतं की वेळ एवढाच असू शकतो. घाबरतो माणूस. त्या भीतीलाच आपण दुःख म्हणतो, असं मला आता वाटतं.

लतादीदी ९२ व्या वर्षी गेल्या तेव्हा मी रडलो नाही. रेडिओ लावला आणि दिवसभर ऐकत बसलो. किती मिळालं, एवढंच मनात होतं. लॉरा कार्स्टेन्सन या मानसशास्त्रज्ञ बाईंचं म्हणणं आहे की पुढचा वेळ थोडा आहे हे कळलं की माणूस पसारा आवरतो, मोजकी माणसं जवळ ठेवतो आणि त्यांच्यातच रमतो. माझं तसंच झालंय. पूर्वी पेपरात नावं वाचून चुकचुकायचो. आता सकाळी फिरायला येणारे आम्ही चौघे आहोत, चौघे दिसले की पुरे. एखादा दिसला नाही तर मात्र पाय थरथरतात.

सांजवेळ, एक विचारतो, नको असेल तर उत्तर देऊ नका. तुमच्या वडिलांनी त्या समासात ‘लहान’ असं कधी लिहिलं का? मोठ्यांचे आकडे सोपे असतात.

सांजवेळ

काका, तुमचा प्रश्न वाचून काल रात्री फाईल काढली. वडील गेल्यापासून मी ती शेवटपर्यंत कधी चाळलीच नव्हती.

वडिलांचा जन्म १९३७ चा. बरीच पानं ‘मोठा’, ‘मोठ्या’ असंच आहे. मग अधूनमधून ‘बरोबरीचा’ दिसायला लागतं, तिथे अक्षर जरा दाबून काढलंय. स्मिता पाटीलचंही कात्रण सापडलं. तिथे आकडा नाहीच, नुसतं ‘पोर’ लिहिलंय. मला ३१ मोठं वय वाटत होतं तेव्हा त्याच घरात, त्याच पेपरवर त्यांनी ते लिहिलं होतं. मी ते कधी बघितलंच नाही.

आणि तुम्ही विचारलेलं सांगते. ऑक्टोबर २०११, जगजीत सिंग. समासात ‘४ ने लहान’. पेन्सिलीचं टोक तिथे मोडलेलं असावं, शेवटचं अक्षर फाटल्यासारखं उमटलंय.

त्यानंतर एकच कात्रण आहे, त्याच वर्षीच्या डिसेंबरातलं, देव आनंद यांचं. वय ८८. म्हणजे १४ ने मोठे, सोपा आकडा. कात्रण नीट कापलंय, घडी सरळ घातलीय. समासात काही नाही.