आजोबांचा लढाईतला फोटो अल्बम: फोटो सुटे करून विकावेत का?

पेडण्याची नात
नमस्कार. माझ्या आईचे वडील मूळ सावंतवाडी संस्थानातले. बेळगावला मराठा पलटणीत भरती झाले, ३/५ बटालियन, म्हणजे पाचव्या मराठा रेजिमेंटची तिसरी. १९४१ मध्ये एरिट्रियातलं केरेन, १९४४ मध्ये इटली. त्यांचा अल्बम मामीने माझ्याकडे पेडण्याला पाठवलाय. काळ्या जाड कागदाची पानं, कोपऱ्यांत अडकवलेले फोटो, खाली पांढऱ्या शाईने मोडीत एकेक ओळ. पिरॅमिडसमोर उभे आजोबा. नदीकाठी दगडांच्या चुलीवर तवा. दारात खुर्ची टाकून बसलेली एक इटालियन म्हातारी आणि तिच्या पायाशी पायरीवर दोघे जवान, टोप्या काढून. दोन पानांवर नुसते कोपरे उरलेत, फोटो नाहीत, पण खालच्या ओळी आहेत.

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात जुन्या वस्तू घेणारा एकजण म्हणतो, इटलीचे फोटो सुटे करून द्या, बाकीचे घरी ठेवा. घराची कौलं बदलायची आहेत, म्हणून भाऊही विकूया म्हणतो. पैशांची गरज आहे, नाही कशाला म्हणू? पण आजोबांनी स्वतः लावलेलं पान उसकटायला हात धजत नाही. काय करू?

फोंड्याचा संग्राहक
ताई, एकही फोटो काढू नका. सुटा फोटो म्हणजे गणवेशातला कोणीतरी माणूस. अल्बममध्ये तोच माणूस अमुक बटालियनचा, अमुक वाटेने गेलेला असतो. जाणकार त्या क्रमाचे आणि हस्ताक्षराचे पैसे देतो.

सगळे फोटो सारख्या मोलाचे नसतात. पिरॅमिड, मशिदी, बाजार यांचे छापील संच कैरोत विकत मिळायचे आणि सैनिक ते अल्बमात लावायचे. तसले बरेच सापडतात. तुमची म्हातारी आणि तो तवा मात्र दुसरीकडे कुठे मिळायचे नाहीत. एखादा फोटो आपोआप सुटला असेल तर पाठीमागे स्टुडिओचा शिक्का, कागदावर ‘व्हेलॉक्स’ किंवा ‘गेव्हर्ट’ असं फोटोच्या कागदाचं छापील नाव आहे का बघा.

आणखी एक. यशवंत घाडगे ३/५ मराठाचेच. १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात ते धारातीर्थी पडले, मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्या उन्हाळ्यातली पानं जिवापाड जपा. मात्र एखाद्या चेहऱ्यावर बोट ठेवून कोणी ‘हेच घाडगे’ म्हणाला, तर खाली लिहिलेलं नाव वाचून होईपर्यंत मानू नका.

मोडीवाचक, डिचोली
बाय, आधी त्या रिकाम्या पानांच्या ओळी टाका. फोटो गेले तरी कोण होते ते तिथेच कळेल. उजेड एका बाजूने येऊ द्या, म्हणजे पांढरी शाई उठून दिसेल.

पेडण्याची नात
म्हातारीची ओळ आधी टाकते, तीच सगळ्यात स्पष्ट आहे. चित्र जोडलंय.

मोडीवाचक, डिचोली
‘हिने दोन दिवस दूध दिले, पैसे घेतले नाहीत.’ खाली गावाचं नाव आहे, शेवटची दोन अक्षरं पुसट. मोठं करून पाठवा. सगळी पानं पाठवलीत तरी वाचून देईन, पैसे नकोत.

ओलसर घरातला
पाऊस सुरू व्हायच्या आत सगळं स्कॅन करा, पान अखंड ठेवून, ओळींसकट. लॅमिनेशन नको, सेलोटेप नको, ओल्या फडक्याने पुसणं तर अजिबात नको. माळ्यावर ठेवू नका. धुतलेल्या सुती कापडात गुंडाळून आतल्या भिंतीच्या कपाटात आडवा ठेवा, कपाटात सिलिका जेलच्या पुड्या. डांबरगोळ्या कागदाला लागू देऊ नका. पावसात उघडीप पडली की काढून बुरशी आणि कसर बघायची.

फोंड्याचा संग्राहक
परदेशातून गिऱ्हाईक आलं तर घाईने पाठवू नका. १९७२ च्या पुरावशेष कायद्यात वस्तूंना शंभर वर्षांची अट आहे, पण ऐतिहासिक मोलाच्या हस्तलिखितांना आणि दस्तऐवजांना पंचाहत्तरच. आधी पुरातत्त्व खात्यात विचारा. आणि विकायचाच झाला तर अख्खा विका.

पेडण्याची नात
भावाला हे सगळं वाचून दाखवलं. दुधाची ओळ त्याने दोनदा वाचायला लावली. सुटे करायचे नाहीत एवढं दोघांचं ठरलं, कौलांसाठी सोसायटीकडून कर्ज काढू. बेळगावला मराठा रेजिमेंटच्या संग्रहालयात स्कॅनची प्रत द्यावी म्हणते, आंबोलीमार्गे जाऊन येता येईल. तिथे आजोबांचा पलटणीतला नंबर विचारतील का? तो त्यांच्या पेन्शनच्या कागदांवर असेल, मामीला शोधायला सांगते.