केनियात ब्लोअरची जोडणी सुरू करायची आहे, देश कसा पारखावा?

ब्लोअरवाला_अंबड

नमस्कार मंडळी. अंबड एमआयडीसीत आमचं ट्रॅक्टरवर चालणाऱ्या फवारणीच्या ब्लोअरचं छोटं युनिट आहे. गिऱ्हाईक बहुतेक निफाड-दिंडोरीचं, थोडं तासगावकडचं. द्राक्षाच्या छाटणीच्या तोंडावर रात्रपाळी करूनही माल पुरत नाही आणि जून उजाडला की कामगारांना काय काम द्यायचं हा घोर. त्यात द्राक्षाचं वर्ष वाईट गेलं की आमची उधारी थकतेच.

मुंबईच्या प्रदर्शनात नैरोबीच्या एका व्यापाऱ्याची ओळख झाली. त्याने नमुन्याला काही मशिनं मागवली, पैसे आगाऊ दिले. आता म्हणतो, अख्खं मशिन पाठवण्यात भाडं फार जातं, रिकामी टाकीच कंटेनरची जागा खाते. सुटे भाग पाठवा, नैरोबीजवळ शेड घेऊ, भागीदारीत जोडणी करू. धाकटा भाऊ तिकडे राहायला तयार आहे. वडील म्हणतात, परमुलखात पैसा अडकला तर सोडवायला कोण जाणार? मी शोधलं तर व्यवसाय सुलभतेच्या यादीत केनिया ५६वा आणि आपण ६३वे. म्हणजे आपल्यापेक्षा बरंच म्हणायचं. पण एवढ्यावर विसंबून कर्ज काढावं का? कोणी तिकडे काम केलं असेल तर कृपया सांगा.

सीए_कॉलेजरोड

ती यादी बाजूला ठेवा. जागतिक बँकेच्या ‘डुइंग बिझनेस’च्या २०२०च्या अहवालातली आहे ती. चीन, सौदी वगैरे देशांच्या आकड्यांत गडबड निघाली आणि सप्टेंबर २०२१मध्ये बँकेने अहवालच बंद केला. त्याजागी आलेल्या ‘बी-रेडी’च्या २०२४च्या पहिल्या अंकात फक्त ५० देश होते.

तिकडच्या कंपनीत शेअर घेणार म्हणजे ती परदेशी गुंतवणूक झाली. २०२२च्या नियमांप्रमाणे बँकेमार्फत फॉर्म एफसी (परदेशी गुंतवणुकीचा अर्ज) भरून यूआयएन, म्हणजे त्या गुंतवणुकीचा ओळख क्रमांक, मिळाल्याशिवाय एक रुपयाही पाठवू नका. तुमची भागीदारी फर्म नोंदणीकृत नसेल तर आधी ते करा. पुढे दरवर्षी ३१ डिसेंबरपर्यंत तिथल्या कंपनीचा अहवाल द्यावा लागतो. केनियात कंपनी कर ३० टक्के आहे आणि लाभांश इकडे आणताना दोन्ही देशांतल्या करारामुळे १० टक्के कापला जातो. आणि भाऊ तिथे धंदा करायला राहणार असेल तर जी वर्गाचा (परदेशी गुंतवणूकदारासाठीचा) परवाना लागेल, त्याला १ लाख डॉलर भांडवल दाखवावं लागतं. वडिलांशी बोलताना हा आकडा आधी सांगा.

सातपूर_निर्यात

दादा, माझी सगळी नोकरी सातपूरच्या एका स्विचगिअर कारखान्यात निर्यात विभागात गेली, पूर्व आफ्रिका माझ्याकडे असायचं. तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही.

देश चांगला की वाईट असं मोघम विचारलं तर उत्तर मिळत नाही. मी नवीन देश घेतला की कागदावर एका मशिनचा प्रवास मांडायचो, न्हावा शेव्यापासून ते पैसे आपल्या खात्यात पडेपर्यंत. प्रत्येक टप्प्याला कोण सही करतं, किती दिवस लागतात, किती पैसे जातात, ते लिहायचं. जिथे रकाना भरता येत नाही तिथे धोका आहे असं समजायचं.

तुमच्या मशिनचं बघा. केनियात जाणाऱ्या बऱ्याच मालाची तपासणी निघण्याआधी इथेच करून अनुरूपता प्रमाणपत्र घ्यावं लागतं, पीव्हीओसी म्हणतात त्याला. ते नसेल तर माल मोंबासात अडकतो आणि बंदराचं भाडं चढत राहतं. मोंबासाहून रेल्वेने नैरोबीच्या एम्बाकासी डेपोत. जकातीशिवाय आयात घोषणा शुल्क आणि रेल्वे विकास शुल्क असतं. २०२३मध्ये पहिलं ३.५वरून २.५ टक्के केलं, दुसरं २वरून १.५ केलं, आणि २०२४ संपता संपता दुसरं परत २ केलं. आकडा लहान आहे, पण तुमचा नफा किती टक्के आहे ते तुम्हालाच माहीत. सुट्या भागांना कोणता जकात कोड लागतो आणि पूर्ण मशिनला कोणता, हे तिथल्या क्लिअरिंग एजंटकडून लेखी घ्या. जोडणीचा सगळा हिशेब त्या फरकावर उभा आहे. तिथे बनवलेला माल मूळ उत्पादनाच्या अटी (माल खरंच तिथेच घडला हे दाखवणाऱ्या) पाळल्या तर युगांडा-टांझानियात विनाजकात जातो. पण नुसते नटबोल्ट आवळले म्हणजे अट पुरी झाली असं धरू नका.

आता पैसा. जानेवारी २०२४मध्ये डॉलरला १६०च्या आसपास शिलिंग (केनियाचं चलन) मोजावे लागत होते. त्या जूनमध्ये सरकारला २ अब्ज डॉलरचा युरोबाँड (परकीय चलनातला कर्जरोखा) फेडायचा होता, तो फिटेल का याची धास्ती होती. फेब्रुवारीत दीड अब्जाचा नवा रोखा काढला आणि शिलिंग सावरून १३०च्या घरात आला. शेतकऱ्याला विक्री शिलिंगमध्ये, तुमची देणी रुपयात. उधारीच्या काळात एवढा हेलकावा बसला तर सोसेल का, ते आधी मांडून बघा. ईसीजीसी, म्हणजे निर्यातीचे पैसे बुडण्याविरुद्ध विमा देणारी आपली सरकारी कंपनी, प्रत्येक देशाला ए१पासून डीपर्यंत जोखमीची श्रेणी देते. केनियाची आजची श्रेणी आणि तुमच्या खरेदीदारावर किती मर्यादेचं कव्हर मिळतं, ते विचारा. त्या व्यापाऱ्यावर कव्हर द्यायला ते का-कू करायला लागले तर तिथेच थांबा, मनापासून सांगतो.

राजकारणाची भीती वडिलांना वाटत असेल. जून २०२४मध्ये करवाढीच्या विधेयकावरून तरुण रस्त्यावर उतरले, संसदेत घुसले, माणसं गेली, आणि राष्ट्राध्यक्षांनी विधेयक मागे घेतलं. पण ८ डिसेंबर २०२३ला आपल्याकडे कांद्याची निर्यात एका रात्रीत बंद झाली, ते लासलगावच्या माणसाला विचारा. धोरण सगळीकडेच फिरतं. ते फिरलं तर तुम्ही किती महिने तग धराल, एवढं ठरवून ठेवा.

जमिनीचं थोडक्यात: परदेशी माणसाला ९९ वर्षांपर्यंतचा भाडेपट्टाच मिळतो, मालकी नाही. तुम्हाला शेड भाड्यानेच हवी, तेव्हा हा मुद्दा आत्ता गौण.

मोहाडी_गुलाब

माझं मोहाडीला गुलाबाचं पॉलिहाऊस आहे, नैवाशाला फुलशेती बघायला गेले होते. दादा, तिथली गुलाबं सगळी हरितगृहात. तुमचा ब्लोअर आत कुठे फिरणार? ॲव्होकॅडो खूप आहे, पण बरेच शेतकरी लहान तुकड्यांवर, पाठीवरचा पंप घेऊन. मोठे मळे आहेत तिथे ट्रॅक्टरही आपल्या द्राक्षातल्या छोट्या ट्रॅक्टरपेक्षा थोराड दिसले. तेव्हा तुमचं गिऱ्हाईक नेमकं कोण, हे भावाने आधी शेतात फिरून पाहावं.

ब्लोअरवाला_अंबड

ताई, काका, सीए साहेब, खूप आभार. ट्रॅक्टरचं तर डोक्यातच नव्हतं. काका, एक शंका: तिकडच्या मागणीने आमचे रिकामे महिने भरतील का? आणि भागीदाराची चौकशी कशी करू? माणूस बोलायला फार चांगला आहे.

सातपूर_निर्यात

तिकडे मोठा पाऊस मार्च ते मे, छोटा ऑक्टोबर ते डिसेंबर. फवारणीची गरज तेव्हाच, म्हणजे ऐन तुमच्या दोन्ही छाटण्यांच्या वेळी. पण माल पावसाआधी दुकानात पोचायला हवा. ऑक्टोबरचा माल जून-जुलैत बनवून ऑगस्टमध्ये जहाजावर चढवलात तर रिकामे महिने भरतील. उशीर झाला तर दोन्हीकडची गिऱ्हाइकं एकदमच ओरडतील. म्हणून पहिले दोन हंगाम जोडणी नको, तयार मशिनंच पाठवा, पैसे आगाऊ किंवा पक्क्या एलसीवर (बँकेच्या हमीपत्रावर). भाऊ तेवढ्यात पंपाचे डायफ्रॅम, नोझल असे भाग घेऊन दुरुस्तीचं बघेल, त्यातून गिऱ्हाईकही कळेल.

भागीदाराच्या कंपनीचा सीआर-१२ काढा. संचालक आणि भागधारकांची नावं असलेला तो सरकारी उतारा ई-सिटिझन या केनिया सरकारच्या संकेतस्थळावरून मागवता येतो. बोलणारा माणूस त्यात आहे का, की शेअर दुसऱ्याच कोणाच्या नावावर आहेत, ते बघा. मग त्याला आधी माल दिलेले आणि त्याच्याशी व्यवहार सोडून दिलेले, दोन्ही प्रकारचे पुरवठादार शोधा. सोडून गेलेले जास्त सांगतात. करार करताना वादाचा निवाडा कुठल्या शहरात, कुठल्या कायद्याने, हे कलम वकिलाकडूनच लिहून घ्या. मसुदा आला की इथे टाका, नावं झाकून. मी वाचून देतो.