मदत हवी आहे: वणव्याच्या दिवसांत मालकीच्या जमिनीत राब भाजायला परवानगी लागते का?

रत्नागिरी जिल्ह्यात आमची वडिलोपार्जित जमीन आहे. खाली भाताचा मळा, वर वरकस म्हणजे डोंगरउताराची हलकी जमीन, तिच्यात काजू आणि थोडी हापूसची कलमे, त्याच्याही वर सडा, म्हणजे कातळाचे उघडे माळरान. सड्याच्या पलीकडे वनखात्याची हद्द लागते. शेती काका बघतात, मी मुंबईहून जाऊन-येऊन असतो.

काका दरवर्षी उन्हाळ्यात राब भाजतात, म्हणजे तरव्याची (भाताची रोपे वाढवायची) जागा थर रचून जाळतात. शेण, कवळ (झाडांच्या तोडलेल्या डहाळ्या), पातेरा, गवत आणि वर मातीचा थर. तणाचे बी मरते, राख मिळते, रोप जोमदार येते, हा त्यांचा आयुष्यभराचा अनुभव. यंदा वनरक्षक वाडीत येऊन सांगून गेले की १५ फेब्रुवारी ते १५ जून हा आगीचा हंगाम आहे आणि जंगलाला झळ पोचली तर गुन्हा दाखल होईल. तेव्हापासून वाडीत एकवाक्यता नाही. कोणी म्हणतो, आता राब बंदच. कोणी म्हणतो, ग्रामपंचायतीचा दाखला घेतला की झाले. काकांचे म्हणणे, आपल्या जमिनीत आपण काय करतो ते विचारणारे हे कोण?

मी हे विचारतोय कारण गेल्या वर्षी सड्यावर लागलेला वणवा वाऱ्याने खाली उतरला आणि शेजारच्या आजींची काजूची बाग गेली. फळ धरणारी झाडे होती, त्यांच्यावरच त्यांचे वर्ष निघायचे. आग कोणी लावली ते आजवर कळलेले नाही.

तर जाणकारांनी सांगावे: मालकीच्या जमिनीत जाळायला खरोखर कोणाची परवानगी लागते का, कोणाला कळवायचे, आणि उपग्रहावरून आग दिसते म्हणतात, तर राबाचा धूर दिसला म्हणून काकांवर काही बालंट येईल का?

प्रतिसाद १ (वनखात्यात नोकरी केलेला सदस्य)

आधी सातबारा काढा आणि 'इतर हक्क' हा रकाना नीट वाचा. कोकणात पुष्कळ गटांवर वन अधिनियमाच्या कलम ३५ खालची किंवा 'खाजगी वन' अशी नोंद असते. १९७५ च्या खाजगी वने संपादन कायद्याने अशा बऱ्याच जमिनी शासनाकडे गेल्या. घरचे त्या जमिनी आपल्याच समजून वापरत असतात. तशी नोंद असेल तर तिथे काडी ओढण्याआधी परिक्षेत्र वन अधिकाऱ्यांशी बोला. कलम ३५ मध्ये झाडोरा जाळण्यावर निर्बंध घालण्याचा अधिकारही आहे.

जमीन स्वच्छ मालकीची असेल, तर तिथे राब भाजणे हा भारतीय वन अधिनियम, १९२७ खाली आपोआप गुन्हा होत नाही. कलम २६ राखीव जंगलाचे आहे. जंगलाला आग लावणे, किंवा राखीव जंगल धोक्यात येईल अशा रीतीने नियम मोडून आग पेटवणे वा पेटती सोडून जाणे, हे त्यात बसते. म्हणजे तुमच्या राबाची आग सडा ओलांडून हद्दीत गेली तर 'माझ्या जमिनीत लावली होती' हे उत्तर चालत नाही. त्याच कलमात आणखी एक गोष्ट आहे जी गावांना कोणी सांगत नाही: आग मुद्दाम किंवा घोर निष्काळजीपणाने लागली असेल तर त्या भागातले चराईचे आणि वनोपजाचे हक्क शासन काही काळ थांबवू शकते. एकाच्या काडीची किंमत अख्खी वाडी मोजते. अभयारण्य असेल तर १९७२ च्या वन्यजीव कायद्याचे कलम ३० वेगळे.

उपग्रहाचे खरे आहे. डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था आगीचे ठिकाण हेरून वनखात्याला मोबाइलवर संदेश पाठवते. पण त्या ठिपक्यावरून गुन्हा ठरत नाही, माणूस जाऊन बघतो. हे संदेश सामान्य नागरिकालाही संस्थेच्या संकेतस्थळावर नाव नोंदवून फुकट मिळतात. तुम्ही मुंबईत असता, तुम्ही तर नोंदवाच.

प्रतिसाद २ (राजापूरकडचा बागायतदार)

कायद्याचे वर आले आहे, मी कामाचे सांगतो. राब भाजण्याच्या आदल्या दिवशी वनरक्षक, पोलीस पाटील आणि लगतचे बागवाले यांना सांगायचे. व्हॉट्सअॅपवर टाकले तरी चालते, उलट लेखी राहते. दाखल्याच्या मागे लागण्यापेक्षा याचा उपयोग जास्त, कारण आग सुटली तर धावून येणारे हेच लोक.

राबाच्या चारी बाजूंनी मातीपर्यंत खरवडून पट्टा काढायचा. गवत नुसते कापून चालत नाही, बुडख्यातून आग सरकते. पहाटे भाजायचे. दहा-अकरानंतर खारा वारा सुटला की आग कोणाच्या हातात राहत नाही. वारा ज्या बाजूला जातो त्या कडेने पेटवायचे, म्हणजे आग वाऱ्याविरुद्ध सरकते, आणि उतार असेल तर वरच्या कडेने, म्हणजे आग हळूहळू खाली येते. पाण्याचे पिंप आणि ओल्या डहाळ्या हाताशी. धूर थांबला म्हणून घरी जायचे नाही. शेणाचा थर आत धुमसत राहतो, पाणी मारून, उकरून बघायचे.

हापूसच्या कलमांभोवती आणि गडग्याच्या (दगडी कुंपणाच्या) बाहेरून जानेवारीतच गवत काढून घ्या. वनखातेसुद्धा आपल्या जाळरेषा (आग अडवायला गवत काढून मोकळे ठेवलेले पट्टे) हंगामाआधीच उरकते, ते याचसाठी.

आणि काकांशी एकदा गादीवाफ्याचे, म्हणजे न भाजता उंच वाफ्यावर रोपे करण्याचे बोला. निम्मी जागा राबाची, निम्मी गादीवाफ्याची, असे एक वर्ष करून बघा म्हणावे. कर्जत-नेरळकडून आलेल्या सगुणा राईस तंत्रात तर तरवाही नाही नि लावणीही नाही, गादीवर थेट बी टोकतात. कवळासाठी झाडे ओरबाडायची थांबतात, हा मला मोठा फायदा वाटतो.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. सातबाऱ्याचे डोक्यातच नव्हते. वरकसाच्या दोन गटांचे उतारे आजच काढतो.

एक शंका उरते. आजींची बाग जाळणारी आग राबाची नव्हती, मालकीच्या सड्यावर कोणीतरी लावलेली होती. नवे गवत चांगले फुटते म्हणून लावतात, शिकारीसाठीही लावतात. तिथे वनखात्याची हद्दच नाही. मग दाद कोणाकडे मागायची?

प्रतिसाद १ (पुन्हा)

इथेच खरी फट आहे. रत्नागिरीत वनखात्याच्या ताब्यातली जमीन फार थोडी, बहुतेक डोंगर मालकीचे. तिथे काम पोलिसांचे. निष्काळजीपणे आग वापरणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २८७ खाली गुन्हा आहे, आणि नुकसान करायच्या हेतूने लावली असेल तर कलम ३२६ चे प्रकरण बरेच गंभीर होते. आग दिसताच ११२ ला कळवा, जंगलाच्या दिशेने जात असेल तर वनखात्याच्या १९२६ वरही. नंतर तलाठ्याकडून पंचनामा लगेच करून घ्या, जळालेल्या झाडांचे फोटो तोडण्याआधी काढा. पावसाने खुणा धुतल्यावर कोणी काही करू शकत नाही. आजींच्या बाबतीत पंचनामा झाला होता का?

धागाकर्ता

झाला होता, पण झाडांची संख्या कमी लिहिली गेली. ती दुरुस्त करून घेण्यासाठी अर्ज देतो.

मे महिन्यात ग्रामसभा आहे. राब कोणत्या दिवसांत, किती वाजेपर्यंत भाजायचे, आणि सड्यावर काडी लावायचीच नाही, असा ठराव मांडायचा विचार आहे. कोणाच्या गावात असा ठराव झाला असेल तर त्याचा मजकूर इथे द्याल का? राखणीला माणसे कशी लावलीत तेही लिहा.