केमो चालू आहे, नानांचं वाचन थांबलंय. थंडीत घरात काय आणि कसं वाचावं?

सायली_निफाड

नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहितेय. माझे सासरे, आम्ही सगळे त्यांना नाना म्हणतो, वय ६८, जिल्हा परिषद शाळेतून रिटायर झालेत. गणपती झाल्यावर त्यांचं मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं आणि दिवाळीच्या तोंडावर केमो सुरू झाली. एकूण ८ सायकल सांगितल्यात, त्यातली चौथी मागच्या आठवड्यात झाली. दर २१ दिवसांनी नाशिकला जायचं, पहिल्या दिवशी दोन तास सलाइनमधून औषध, मग घरी १४ दिवस सकाळ संध्याकाळ जेवण झाल्या झाल्या गोळ्या, मग आठवडाभर सुट्टी. सलाइनच्या औषधाचं नाव ऑक्सॅलिप्लॅटिन, आणि त्याचं थंडीशी इतकं वाकडं आहे की काय सांगू, आणि आमचं गाव निफाड तालुक्यात, म्हणजे इथली थंडी कशी असते ते दर डिसेंबरात पेपरात वाचताच तुम्ही. पहाटे पारा पाच-सहावर येतो, बागाईतदार द्राक्षांच्या ओळींमध्ये शेकोट्या पेटवून बसतात. नानांनी सकाळी दाराच्या लोखंडी कडीला हात लावला की करंट बसल्यासारखं होतं, साधं माठातलं पाणी प्यायलं तर घशात काहीतरी अडकल्यासारखं होऊन श्वासच कोंडतो असं म्हणतात. स्टीलचे पेले बंद केलेत, पाणी कोमट करूनच देतो.

पण मला विचारायचंय ते वाचनाचं. आमच्या घरी नानांनी लावलेली पद्धत आहे, मी लग्न होऊन आले तेव्हापासून बघतेय. दिवाळीला चार-पाच अंक विकत घ्यायचे, दोन-तीन वाचनालयातून आणायचे आणि ते संक्रांतीपर्यंत पुरवायचे. रात्री जेवणं झाली की एकाने मोठ्याने वाचायचं, बाकीच्यांनी मटार नाहीतर लसूण सोलत ऐकायचं. पहिला अंक फोडला की नाना दरवर्षी सांगणार, १९०९ साली का. र. मित्रांनी मनोरंजनचा दिवाळी अंक काढला तिथून हे सगळं सुरू झालं, आणि पोरं ते तोंडपाठ असल्यासारखं त्यांच्याबरोबर म्हणणार. या वर्षी अंक आणलेत, टीपॉयवर तसेच पडलेत. दुसऱ्या सायकलपर्यंत नाना थोडं थोडं वाचायचे. आता म्हणतात अक्षर दिसतं पण डोक्यात थांबत नाही, पान संपलं की वरचं विसरायला होतं. बोटांना मुंग्या, हातमोजे घातले तर ते गुळगुळीत पान उलटत नाही, काढले तर कागदही गार लागतो. परवा त्यांनी अंक उघडला, पाच मिनिटं एकाच पानावर होते, मग मिटून उशीखाली ठेवला आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. ज्या माणसाने ३४ वर्षं पोरांना वाचायला शिकवलं त्याला असं बघवत नाही हो.

तर आम्ही आग्रह करावा का, की त्यांना त्यांच्या मनावर सोडून द्यावं? मोठ्याने वाचायचं तर काय वाचू? आमची मुलगी चौथीत आहे, ती रोज विचारते आज वाचायचं नाही का, तिला काय सांगू तेही कळत नाही. ज्यांच्या घरात हे होऊन गेलंय त्यांनी प्लीज सांगा.

अनुजा_पुणे

सायली, आधी नानांना माझा नमस्कार सांग. मी स्वतः ब्रेस्ट कॅन्सरच्या १६ केमो घेतल्यात, चार तीन-तीन आठवड्यांनी आणि नंतरच्या १२ दर आठवड्याला, तीन वर्षं झाली त्याला. ते "डोक्यात थांबत नाही" म्हणतात ना, ते खरंच तसं होतं, ते मन लावत नाहीत असं अजिबात समजू नका. मी महिन्याला तीन-चार पुस्तकं वाचणारी बाई, मला कादंबरीत ही वहिनी कोणाची आणि तो अण्णा कोण हे पान दहावरच कळेनासं व्हायचं आणि मग रडू यायचं, औषधाने नाही एवढं त्याने रडू यायचं. डॉक्टरांना विचारलं तेव्हा ते म्हणाले पुष्कळ जणांना होतं आणि बहुतेकांचं ट्रीटमेंट संपल्यावर हळूहळू सुधारतं. हे नानांनाही कोणीतरी स्पष्ट सांगायला हवं, शिक्षक माणूस आहे, आपली बुद्धी गेली असं मनात घेऊन बसले असतील.

दुसरं, कॅलेंडर बघून वाचा. माझे पहिले चार-पाच दिवस कोणी मोठ्याने वाचलेलंही नको व्हायचं, आवाजाने मळमळायचं. दहाव्या-बाराव्या दिवसानंतर जरा माणसात यायचे. तुमच्या २१ दिवसांत नानांचे चांगले दिवस कुठले ते एका वहीत लिहा, दोन सायकलमध्ये अंदाज येईल, आणि वाचायचं ते त्या दिवसांत ठेवा.

आणि कॅन्सरवर मात केलेल्यांची पुस्तकं, मन खंबीर कसं करावं वगैरे, ही भेटायला येणारे हमखास घेऊन येतात, ती कपाटात ठेवून दे. माझ्याकडे सात जमली होती. मी त्या काळात काय वाचलं माहितीये, रुचिरा. तोंडाला चव नाही, सगळं लोखंड चाटल्यासारखं लागतंय, आणि मी पडल्या पडल्या कमलाबाई ओगल्यांच्या वाटी-चमच्याच्या मापाने मनातल्या मनात सुरळीच्या वड्या करतेय. एक कृती म्हणजे अर्धं पान, संपली की संपली, मागचं काही लक्षात ठेवायला लागत नाही. नानांसाठी असं अर्ध्या पानाचं काहीतरी शोध.

सिस्टर_वैशाली

मी केमोच्या डे केअरमध्ये नर्स आहे, वाचनाचं बाकीचे सांगतील, मी फक्त दोन-तीन गोष्टी सांगते कारण थंडीचं वाचून काळजी वाटली. हाता-पायांना मुंग्या असतील तर शेकोटीजवळ किंवा हीटरजवळ बसवताना कोणीतरी लक्ष ठेवा, गरम पाण्याची पिशवी तर थेट हाता-पायाला लावूच नका. चटका बसलेला त्यांना कळणार नाही आणि फोड येईल. आमच्याकडे दर हिवाळ्यात असा एक तरी पेशंट येतो. त्या गोळ्यांनी तळहात तळपाय लाल होऊन सोलतात, त्यालाही कढत पाणी वाईट, म्हणजे गारही नको आणि कढतही नको, कोमट. क्रीम लावून पातळ सुती हातमोजे घालायचे आणि बाहेर जाताना त्यावर लोकरीचे.

मुंग्या पुढच्या सलाइनपर्यंत जात नसतील, शर्टाची बटणं लावता येत नसतील, तर डॉक्टरांना आधी सांगा, ते डोस कमी करू शकतात किंवा ते औषध थांबवू शकतात. पेशंट सांगत नाहीत, त्यांना वाटतं डोस कमी झाला म्हणजे ट्रीटमेंट अर्धवट झाली. पान उलटता येत नाही हे तुम्ही इथे लिहिलंय ना, हेच डॉक्टरांना सांगा, त्यांना त्यातून बरोबर कळतं. आणि ताप १००.४ च्या वर गेला तर रात्र असो की पहाट, थांबायचं नाही, पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट बघायची नाही, फोन करून निघायचं.

सायली_निफाड

सिस्टर, खूप आभार. खरंच आम्ही गरम पाण्याची पिशवी पायाशी ठेवत होतो, आजच काढली. बटणांचं विचारलं तर गप्प बसले आणि मग आई म्हणाल्या गेले पंधरा दिवस मीच लावून देतेय. हे आम्हाला माहीतच नव्हतं. आणि एक, नोव्हेंबरअखेर हयातीचा दाखला द्यायचा होता तर अंगठा उमटेचना, चार वेळा पुसून पुसून लावला, मशीन घेईना. बोटांची सालं गेल्याने ठसेच पुसट झालेत म्हणे. शेवटी मोबाइलवर चेहरा दाखवून झाला. घरी आल्यावर नाना किती तरी वेळ आपलं बोट उन्हात धरून बघत होते.

दत्ता_जत

ताई, मी आईला घेऊन परळला टाटाला होतो, सात महिने दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत राहिलो. आमची आई शाळेत गेलेली नाही, तिला वाचता येत नाही, म्हणजे तिच्यासाठी वाचणं म्हणजे ऐकणंच. शेजारच्या खाटेवरच्या बाईंनी स्मृतिचित्रे दिलं होतं. मी आधी कधी नाव ऐकलेलं, शाळेत एखादा धडा असेल, पूर्ण नव्हतं वाचलं. लक्ष्मीबाई टिळक बोलल्यासारखं लिहितात, एकेक प्रसंग सुटा आहे, सोवळ्यातले वडील, रागीट नवरा, आज इथून वाच उद्या तिथून वाच काही बिघडत नाही. आईला वाटायचं ही बाई तिच्या गावचीच आहे. "मग काय म्हणाली ती?" असं सकाळी उठल्या उठल्या विचारायची, उलट्या चालू असायच्या आणि मधेच विचारायची. हळूहळू संध्याकाळी आजूबाजूचे चार-पाच जण येऊन बसायला लागले, एक बिहारचे काका होते, त्यांना मराठी अर्धवट कळायची पण तेही बसायचे, म्हणायचे आवाज अच्छा लगता है.

म्हणून माझं म्हणणं आहे आग्रह करा. म्हणजे त्यांना वाचा म्हणू नका, तुम्ही वाचा. त्यांच्या खोलीत नको, बाहेर तुमच्या नेहमीच्या जागी बसून वाचा, दार उघडं ठेवून. ऐकायचं तर ऐकतील.

अनुजा_पुणे

दत्ता, तुमचं पटतंय पण एक भर घालते, आधी त्यांना विचारून. माझ्या घरचे माझ्यासाठी म्हणून रोज रात्री वाचायला बसायचे आणि मला ते ऐकतेय असं दाखवायला लागायचं, त्याचाच शीण व्हायचा. "आज नको" म्हणायची मुभा पाहिजे आणि त्यावर कोणी तोंड पाडायचं नाही.

ग्रंथपाल_कराड

मी एका सार्वजनिक वाचनालयात आहे. नाना शिक्षक होते म्हणून एक सुचवतो, व्यंकटेश माडगूळकरांची बनगरवाडी. १९५५ ची, अगदी लहान कादंबरी, आणि त्यात धनगरांच्या वस्तीवर शाळा चालवायला गेलेला तरुण मास्तर आहे. मेंढरं राखणाऱ्या पोरांना शाळेत कसं आणायचं इथून सगळी गोष्ट सुरू होते. वाक्यं छोटी छोटी आहेत, मोठ्याने वाचायला फार चांगली. फक्त शेवटी दुष्काळ पडतो आणि वाडी रिकामी होते, तो भाग तुम्ही आधी वाचा आणि आत्ता वाचायचा की उन्हाळ्यात ते ठरवा. नानांनी वाचलेलीच असेल, आणि ते उलट बरं. वाचलेलं पुस्तक पुन्हा ऐकताना मागचं लक्षात ठेवायचा ताण नसतो. आमच्याकडे आजारी सभासद नवी पुस्तकं मागत नाहीत, तिशीत वाचलेलीच मागतात, हे मी वीस वर्षं बघतोय.

मुलीसाठी फास्टर फेणे आहेच, आणि किशोर मासिक १९७१ पासून निघतं, त्याचे जुने अंक बालभारतीने ऑनलाइन फुकट ठेवलेत. नानांनी वर्गात वाचून दाखवलेला एखादा अंक त्यात सापडला तर बघा. पानं उलटायला बँकेत कॅशिअर बोटात घालतात ती रबराची टोपी घ्या, स्टेशनरीच्या दुकानात पाच-दहा रुपयांना मिळते, पातळ मोज्यावरून बसते. वाचनालयात एकदा बोलून बघा, पुस्तकं घरी पोचवतील. आम्ही तरी पोचवतो.

सायली_निफाड

सगळ्यांना एकत्रच लिहितेय, बारा दिवस झाले मध्ये. नाशिकला जाऊन आलो, बटणांचं आणि पानांचं सांगितलं, डॉक्टरांनी सलाइनच्या औषधाचा डोस कमी केलाय आणि म्हणाले हे आधी सांगायचं होतं. नानांना त्यांनीच समजावलं की हे विसरणं औषधामुळे आहे. नाना गाडीत येताना म्हणाले, मला वाटलं होतं माझं आता हेच राहणार.

रबराची टोपी आणली पण ती लागलीच नाही. झालं असं की मुलीला किशोरचा एक जुना अंक मोबाइलवर काढून दिला, नको म्हणाली, मोबाइलवर नाही वाचायचं, आजोबांसारखं कागदावर वाचायचं. मग वाचनालयातून बनगरवाडी आणली. मी नानांना विचारलं, आम्ही बाहेर वाचतोय, दार लावू का? तर म्हणाले राहू दे. पहिल्या दिवशी काहीच नाही. दुसऱ्या दिवशी ती एका शब्दावर अडखळली, दोनदा चुकीचं वाचलं, आणि आतून आवाज आला, "अगं मेंढवाडा. मेंढ-वाडा. तोडून वाच." तिसऱ्या दिवशी घोंगडी घेऊन बाहेर येऊन बसले, कानटोपी, मोजे, सगळं घालून. आता ती पुस्तक त्यांच्या मांडीवर ठेवते आणि शेजारी बसते, थोडं ती वाचते, दम लागला नाही तर दोन-तीन ओळी ते वाचतात, पान संपलं की ते "हं" म्हणतात आणि ती उलटते. पंधरा मिनिटं होतात कशीबशी. मधले तीन दिवस "आज नको" म्हणाले, तेव्हा आम्ही नुसते मटार सोलले.

दुष्काळापर्यंत अजून आलो नाही. मी आधी वाचून ठेवलंय आणि पुढच्या आठवड्यात पाचवी सायकल आहे म्हणून तिथे थांबायचा विचार केला होता, तसं नानांना म्हटलं. ते म्हणाले, "पोरीला पुढे काय झालं ते कळायला नको का?" म्हणून आता वाचणार आहोत. दिवाळी अंक अजून तसेच आहेत, संक्रांत झाली तरी. ते मार्च-एप्रिलपर्यंत पुरतील बहुतेक.